एक रेघ, दहा कामं: शि. द. फडणीसांकडून छोट्या धंदेवाल्याने काय शिकायचं

या आठवड्याच्या व्हिडिओत मी शि. द. फडणीसांबद्दल बोललो, पण वेळ कमी पडला. हिशोबाचा आणि कागदाचा भाग व्हिडिओत घाईत गेला, म्हणून तो इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. चित्रकार नसाल तरी वाचा. शिवणकाम, फोटोग्राफी, मेंदी, रांगोळी, सुतारकाम, डीटीपी, हाताच्या कौशल्यावर ज्याचं घर चालतं त्या प्रत्येकासाठी हा धडा आहे.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

खर्ड्यात माझं स्टेशनरी, झेरॉक्स आणि पत्रिका छपाईचं दुकान आहे. तीनएक वर्षांपूर्वी गावातल्या एका पोराकडून मी लग्नपत्रिकेसाठी एक चित्र काढून घेतलं. बैलजोडी, मागे छकडा, छकड्यात नवरा-नवरी. त्याचे वडील पूर्वी दुकानांच्या पाट्या आणि टेम्पोवरची अक्षरं रंगवायचे. फ्लेक्स आला आणि ते काम बसलं. पण हात पोरात उतरलाय. त्याने चार तास बसून चित्र काढलं, मी ५०० रुपये दिले, तो खूश, मी पण खूश.

पुढे काय झालं? ते चित्र लोकांना आवडलं. मी ते स्कॅन करून ठेवलं होतंच. पुढच्या दोन सीझनमध्ये ३४ पत्रिकांवर तेच चित्र छापलं आणि प्रत्येक ऑर्डरला १५० रुपये ‘डिझाइन चार्ज’ लावला. एक दिवस तो पोरगा हातात पत्रिका घेऊन दुकानात आला. त्याच्या मामेभावाच्या लग्नाची होती. काउंटरवर ठेवली आणि एवढंच म्हणाला, “दादा, बैल माझेच हायेत ना?”

भांडला नाही, पैसे मागितले नाहीत. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. ३४ गुणिले १५० म्हणजे ५,१०० रुपये. त्यातले त्याला ५००, तेही एकदाच. आणि मी कॅमेऱ्यासमोर उभा राहून लोकांना ‘आपल्या कामाची किंमत ओळखा’ शिकवतो!

परवा तो परत आला. चाकणला कंपनीत लागायचं ठरवतोय म्हणाला. जाताना विचारलं, “दादा, खरं सांगा, चित्रावर पोट भरतं का?” मी लगेच उत्तर दिलं नाही. हा लेख म्हणजे त्याला दिलेलं उत्तर समजा.

फडणीस कोण, आणि धंद्याच्या धड्यात कशाला?

शिवराम दत्तात्रेय फडणीस. जन्म २९ जुलै १९२५, भोज गावी. हे गाव आज कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात येतं. म्हणजे माणूस काही मुंबईच्या आर्ट गॅलरीत जन्मलेला नाही, तुमच्या-माझ्यासारखाच गावाकडचा. शिक्षण कोल्हापुरात आणि मग मुंबईच्या जे. जे. मध्ये कमर्शियल आर्टचं. नंतर पुण्यात स्थायिक.

त्यांची ओळख हास्यचित्रकार म्हणून. अनंत अंतरकरांनी ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’ ही मासिकं काढली, त्यात ‘हंस’ आणि ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांवर फडणीसांची रंगीत हास्यचित्रं येऊ लागली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचं ‘मोहिनी’चं एक मुखपृष्ठ अजून लोकांच्या लक्षात आहे. तरुणीच्या साडीवर मांजरांची नक्षी, जवळच उभ्या तरुणाच्या शर्टावर उंदरांची. बाकी चित्रात एक शब्द नाही. बघणारा दोन सेकंदांत हसतो.

तुम्ही म्हणाल, छान, पण यात बिझनेस कुठे आहे? आता त्यांच्या कामांची यादी बघा.

१. मासिकांची मुखपृष्ठं. वर्षानुवर्षं.
२. पुस्तकांतली चित्रं. पु. ल. देशपांड्यांचं ‘अपूर्वाई’ हे प्रवासवर्णन ज्यांनी वाचलंय, त्यांना त्यातली फडणीसांची चित्रं आठवतीलच.
३. शाळेची पाठ्यपुस्तकं. बालभारतीच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांत त्यांची चित्रं होती. एका पिढीने बेरीज-वजाबाकी त्या चित्रांकडे बघत शिकली.
४. चित्रांचं प्रदर्शन, ‘हसरी गॅलरी’. हे त्यांनी शहरोशहरी नेलं.
५. रंगमंचावरचा कार्यक्रम, ‘चित्रहास’. लोकांसमोर चित्रं दाखवायची, काढायची, हास्यचित्र कसं जन्मतं ते उलगडायचं.
६. स्वतःच्या चित्रांची पुस्तकं. ‘हसरी गॅलरी’, ‘मिष्किल गॅलरी’, इंग्रजी वाचकांसाठी ‘लाफिंग गॅलरी’.
७. स्वतःच्या आठवणींचं पुस्तक, ‘रेषाटन’.

मासिक, पुस्तक, शाळा, हॉल, रंगमंच, पुस्तकाचं दुकान. गिऱ्हाईक प्रत्येक वेळी वेगळं. पण हात तोच, रेघ तीच. लांबून बघितलं तरी ‘हे फडणीसांचं’ म्हणून ओळखू येतं.

आजचा मुख्य मुद्दा हाच आहे, वहीत लिहून घ्या: कौशल्य एकच ठेवा, ते विकायची दारं वाढवा.

आपण गावात नेमकं उलटं करतो. दार एकच, आणि कौशल्यं बदलत राहतो. पत्रिका चालेनात की मोबाइल रिचार्ज, ते चालेना की आइस्क्रीम, ते चालेना की पाणीपुरी. मी स्वतः हे सगळं केलंय, आइस्क्रीमचा फ्रीज अजून मागच्या खोलीत बंद पडलाय.

प्रत्येक दाराचा पैसा वेगळा

ही कामं वरून सारखी दिसतात, पण पैशाच्या नजरेने बघितली तर चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार, नियमित काम. मासिकाचं मुखपृष्ठ दर महिन्याला लागतं, दिवाळी अंक दर वर्षी लागतो. एकदा संपादकाचा विश्वास बसला की गिऱ्हाईक शोधायचा वेळ वाचतो. आपल्याकडे हा प्रकार म्हणजे शाळा, पतसंस्था, दूध डेअरी, मंगल कार्यालय. एका कामाला रेट थोडा कमी मिळेल, पण वर्षाला आठ-दहा कामं पक्की.

दुसरा, मोठं, एकदाच होणारं काम. पाठ्यपुस्तक असंच. काम भरपूर, वेळ भरपूर, सूचना भरपूर. पण पुस्तक लाखो घरांत जातं. गावात हे म्हणजे अख्ख्या शाळेच्या ‘बोलक्या भिंती’ रंगवायचं काम. एकदा झालं की येणारा-जाणारा प्रत्येक पालक बघतो. हे काम म्हणजे पैसे देणारी जाहिरात.

तिसरा, केलेल्या कामाचा पुन्हा उपयोग. मुखपृष्ठासाठी काढलेलं चित्र महिनाभर स्टॉलवर राहतं आणि मग रद्दीत जातं. तेच चित्र प्रदर्शनात लावलं की पुन्हा जिवंत होतं, आणि पुस्तकात घेतलं की तिसऱ्यांदा. मेहनत एकदा, उपयोग तीनदा. मात्र यासाठी मूळ चित्र आणि त्याचे हक्क आपल्याकडे हवेत. माझ्या बैलजोडीचा घोळ इथेच झाला, त्याकडे पुढे येतो.

चौथा, ज्ञान विकणं. ‘चित्रहास’मध्ये लोक चित्र विकत घ्यायला आले नव्हते, ते कसं सुचतं हे बघायला आले होते. आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीतला चित्रकलेचा वर्ग, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी, हे याच प्रकारात मोडतं.

आता स्वतःच्या धंद्याकडे बघा. तुमचं सगळं उत्पन्न एकाच प्रकारातून येतंय का? माझं येत होतं. लग्नसराई संपली की दुकानात माश्या. चारपैकी निदान दोन प्रकार चालू हवेत.

बिनशब्दांची हुशारी

फडणीसांच्या बहुतेक चित्रांना शब्दच नसतात. कलेच्या दृष्टीने त्याचं कौतुक मोठी माणसं करतीलच. मी दुकानदार म्हणून बघतो. शब्द नाहीत म्हणजे भाषेची अडचण नाही. तेच चित्र पुण्यात चालतं, दिल्लीत चालतं, परदेशात पण चालतं. भाषांतराचा खर्च शून्य.

दुसरं, मासिक स्टॉलवर टांगलेलं असतं. जाणारा माणूस थांबून वाचत नाही, नजर टाकतो. त्या एका नजरेत चित्राने त्याला पकडायचं. मग तो अंक हातात घेतो, चाळतो, खिशात हात घालतो. मुखपृष्ठ सुंदर दिसलं एवढ्याने भागत नाही, अंक खपला पाहिजे.

आता आपल्या गावातले फ्लेक्स आठवा. पंधरा फोटो, चाळीस नावं, चार रंगांची अक्षरं, कोपऱ्यात फोन नंबर. गाडीवरून जाणारा काय वाचणार? मी स्वतः असे शेकडो फ्लेक्स करून दिलेत, म्हणून हक्काने सांगतो, त्यातले नव्वद टक्के फक्त फ्लेक्सवर ज्यांचा फोटो आहे तेच बघतात. गिऱ्हाईकाला एकदा तरी सांगून बघा: “दादा, एकच चित्र, एकच ओळ. फरक पडला नाही तर पुढचा फ्लेक्स नेहमीसारखा करू.”

जोडीने काम: आपली रेघ, दुसऱ्याचं ध्येय

चित्रकार एकटा बसून चित्र काढतो हे अर्धंच खरं. फडणीसांच्या कामात जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दुसरा माणूस आहे. मासिकात संपादक, पुस्तकात लेखक, पाठ्यपुस्तकात शिक्षक आणि मंडळ.

प्रत्येक जोडीत चित्राचं काम बदलतं. मुखपृष्ठावर चित्र राजा असतं. ‘अपूर्वाई’सारख्या पुस्तकात मात्र वाचक पु. लं. ना वाचायला आलेला असतो. तिथे चित्राने लेखकाचा विनोद चोरायचा नाही, बाजूला बसून टाळी द्यायची. आणि गणिताच्या पुस्तकात तर चित्राला हिशोब चुकवायची परवानगीच नाही. प्रश्नात सात पेरू असतील तर चित्रात सातच पेरू दिसले पाहिजेत, पानामागे अर्धा लपलेला आठवा पेरू कितीही छान दिसत असला तरी चालणार नाही. दुसरीतलं पोरगं तो मोजणार आणि गोंधळणार.

हेच क्लायंटचं काम. काम घेण्याआधी तीन प्रश्न विचारा:

– हे कोण बघणार आहे?
– बघितल्यावर त्याने काय करायला हवं?
– यात काय चुकलं तर तुमचं नुकसान होईल?

तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात. पत्रिकेत चित्र सुंदर, पण मुहूर्ताची वेळ चुकली, की तुमचं सुंदर चित्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरे दोन रस्ते: दलाल आणि सरवटे

फडणीसांचा रस्ता हा एकच रस्ता आहे असं समजू नका. मराठीतच आणखी दोन नमुने आहेत.

दीनानाथ दलाल, जन्म १९१६, मडगाव, गोवा. त्यांनी मुंबईत १९४४ साली ‘दलाल आर्ट स्टुडिओ’ सुरू केला आणि १९४५ मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला. पुस्तकांची मुखपृष्ठं, मासिकं, कॅलेंडर, सगळीकडे त्यांचा ब्रश होता. पण धंद्याच्या नजरेने मोठी गोष्ट ही की, दुसऱ्याच्या अंकात चित्र काढणारा माणूस स्वतः अंकाचा मालक झाला. मालक झालं की नफा आपला, आणि जोखीमही आपलीच. कागदाचे भाव वाढले, अंक परत आले, जाहिरातदाराने पैसे थकवले, सगळं मालकाच्या डोक्यावर. १९७१ साली ते गेले, पण त्यांचं नाव आणि अंकाचं नाव लोक अजून एकत्रच घेतात.

दुसरे वसंत सरवटे, जन्म १९२७, कोल्हापूर. हा माणूस सिव्हिल इंजिनिअर होता, एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी केली. आणि नोकरी सांभाळून मराठीतला पहिल्या रांगेतला व्यंगचित्रकार झाला. ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने लिहायचे. तो ठणठणपाळ डोळ्यांसमोर कसा दिसतो, हे सरवट्यांनी ठरवलं. ‘ललित’च्या दिवाळी अंकांची त्यांची मुखपृष्ठं हा वेगळाच विषय आहे. पगार कंपनीचा, रेघ स्वतःची. घरखर्चाची चिंता चित्रावर नव्हती, त्यामुळे न पटलेलं काम नाकारता येत होतं.

म्हणजे तीन रस्ते:

– फडणीस: एक रेघ, अनेक दारं.
– दलाल: स्वतःचा स्टुडिओ, स्वतःचं प्रॉडक्ट.
– सरवटे: नोकरीचा आधार, चित्राचं स्वातंत्र्य.

तिन्हीत कमीपणा कुठेच नाही. चाकणला जाणाऱ्या पोराला मी हेच सांगितलं: “कंपनीत लागलास म्हणजे हात गेला असं नाही. सरवट्यांनी नोकरी केलीच की. फक्त आठवड्याचे दोन दिवस, दोन-दोन तास, वही उघडायची. ते बंद झालं तर मात्र हात गेला.”

कागदाचा प्रश्न: बैल कुणाचे?

आता माझ्या चुकीकडे येऊ. कायदा काय म्हणतो? आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. कामापुरत्या गोष्टी सोप्या भाषेत सांगतो.

एक. चित्र काढलं की हक्क आपोआप तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी केली तर पुरावा म्हणून उपयोगी पडते.

दोन. साधारणपणे चित्र काढणारा हा पहिला मालक. पण इथे दोन मोठे अपवाद आहेत, कलम १७ मध्ये. नोकरीचा भाग म्हणून काढलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालक कंपनी. आणि कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढलं असेल, आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा.

थांबा. हे दुसऱ्यांदा वाचा. म्हणजे बैलजोडीचं चित्र मी सांगितलं, पैसे मी दिले, लेखी काहीच नाही. पत्रिकेवरचं रेखाचित्र ‘पेंटिंग’ धरायचं का, यावर वकील दिवसभर वाद घालतील. पण कदाचित कायद्याने मी सुटलोही असतो. हे कळलं तेव्हा मला हायसं वाटायला हवं होतं, पण उलट जास्तच वाईट वाटलं. कारण त्या पोराला यातलं काही माहीत नव्हतं, आणि मलाही माहीत नव्हतं. दोघांनाही माहीत नसलं की फायदा नेहमी काउंटरच्या आतल्या माणसाचा होतो.

तीन. हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतात, कलम १९. त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, आणि कोणत्या प्रदेशापुरते हे लिहिलं नसेल तर भारतापुरते धरतात. म्हणून ‘तोंडी ठरलंय’ हे वाक्य विसरा.

चार. हक्क विकले तरी ‘हे चित्र मी काढलं’ असं सांगायचा हक्क चित्रकाराकडे राहतो, कलम ५७. आणि चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे नातवंडांपर्यंत पोचणारी ही इस्टेट आहे, आपण ती ५०० रुपयांत, विना पावती देतो.

मोठं काम असेल तर वकिलाला विचाराच. पण रोजच्या कामाला वकील लागत नाही, पाच ओळींचा कागद पुरतो. आम्ही दुकानात आता हा वापरतो:

१. काम काय: चित्र कशाचं, किती, कोणत्या मापाचं.
२. वापर कुठे: फक्त या पत्रिकेवर, की बोर्ड, पिशवी, मोबाइलवर पण.
३. किती काळ: एकदाच, एक वर्ष, की कायमचं.
४. पैसे किती आणि कधी: निम्मे आधी, निम्मे देताना. दुरुस्त्या दोन वेळा, तिसऱ्या वेळेपासून वेगळे पैसे.
५. मूळ चित्र आणि चित्रावरचे हक्क कुणाकडे राहतील, चित्रकाराचं नाव कुठे येईल.

खाली दोन सह्या आणि तारीख. व्हॉट्सॲपवर फोटो काढून दोघांनी ठेवायचा. झालं.

रेट कसा काढायचा?

कॉमेंटमध्ये सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. ‘समोरचा काय देईल’ यावरून रेट काढू नका. उलट्या बाजूने चला.

समजा महिन्याला घरी १५,००० रुपये न्यायचे आहेत. कामाचे दिवस २५. पण त्यातला निम्मा वेळ गिऱ्हाईक शोधण्यात, फोनवर, उधारी वसुलीत जातो, हे मान्य करा. राहिले साधारण १२ दिवस, रोज खऱ्या कामाचे ५ तास. म्हणजे ६० तास. १५,००० भागिले ६० म्हणजे तासाला २५० रुपये. कागद, रंग, लाइट बिल वेगळं.

बैलजोडीला चार तास लागले होते. म्हणजे नुसती मेहनतच १,००० रुपयांची. मी दिले ५००. त्यावर पुन्हा ३४ वेळा वापर.

म्हणून रेटचे दोन भाग करा: मेहनतीचा रेट आणि वापराचा रेट. एका लग्नाच्या पत्रिकेवर एकदाच वापर असेल तर मेहनतीचा रेट पुरे. दुकानदार तेच चित्र दर गिऱ्हाईकाला विकणार असेल तर दर वापराला ठरावीक रक्कम. कुणाला ते कायमचं, एकट्याला हवं असेल, उदाहरणार्थ पेढ्याच्या बॉक्सवर ब्रँड म्हणून, तर मेहनतीच्या रेटच्या काही पट. किती पट हे बोलून ठरवा, पण शून्य पट नको.

खर्ड्यात बसून काय करता येईल?

‘हे सगळं पुण्या-मुंबईला ठीक आहे दादा, आपल्याकडे कोण घेतंय?’ ही कॉमेंट येणारच. म्हणून आमच्या भागापुरती यादी करून दिली. तुम्ही तुमच्या गावाची करा.

– इतिहास. खर्ड्याची लढाई, ११ मार्च १७९५, मराठे आणि निजाम. इथला किल्ला, निंबाळकरांची गढी. किल्ला बघायला माणसं येतात, फोटो काढतात आणि रिकाम्या हाताने जातात. किल्ल्याचं साधं, स्वच्छ रेखाचित्र पोस्टकार्डवर, फ्रिज मॅग्नेटवर, शाळेच्या वहीच्या कव्हरवर का नाही? जामखेड तालुक्यातच चौंडी आहे, अहिल्यादेवींचं जन्मगाव. तिथेही तेच.
– खाऊचं पॅकिंग. कुंथलगिरीचा खवा-पेढा इथून जवळ. या पट्ट्यात खव्याच्या भट्ट्या आहेत. माल एक नंबर, बॉक्स मात्र कुठल्याही गावाचा वाटावा असा. एक चांगलं चित्र त्या बॉक्सला गावाचं नाव देऊ शकतं.
– शाळा. बोलक्या भिंती, स्नेहसंमेलनाची पत्रिका, हस्तलिखित, वार्षिक अंक.
– पत्रिका. लग्न, वास्तुशांती, बारसं. इंटरनेटवरून उचललेली तीच-ती चित्रं सगळ्यांकडे आहेत. नवरा-नवरीच्या घराचं, शेताचं खरं चित्र असेल तर लोक जास्त पैसे देतात, हा माझा स्वतःचा अनुभव.
– वर्ग. सुट्टीत पंधरा मुलं, रोज दीड तास.

पाचही कामांना रेघ एकच लागते. दार फक्त वेगळं.

एक सावधगिरी. पाचही एकदम सुरू करू नका. फडणीसांची सगळी दारं एका वर्षात उघडलेली नाहीत. आधी मुखपृष्ठाने नाव झालं, मग त्या नावाने पुढची दारं उघडली. आधी एक दार नीट वाजवा.

नेहमीच्या तीन चुका

पहिली, ‘ओळखीत आहे, पैसे कसे मागू?’ ओळखीत सूट द्या, पण बिलावर पूर्ण रेट लिहून खाली सूट दाखवा. नाहीतर समोरच्याला तीच किंमत खरी वाटते.

दुसरी, जुनं काम जपून न ठेवणं. प्रत्येक चित्राची चांगली स्कॅन कॉपी, तारीख, गिऱ्हाईकाचं नाव आणि ठरलेले पैसे एका वहीत. दहा वर्षांनी ही वही तुमची हसरी गॅलरी असेल.

तिसरी, दुसऱ्याची शैली उचलणं. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून म्हणतं, ‘अस्संच काढून दे.’ एकदा दिलंत की तुम्ही झेरॉक्स मशीन झालात. आणि झेरॉक्सचा रेट दोन रुपये आहे, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

गृहपाठ

आज रात्री अर्धा तास काढा.

१. तुमचं एक कौशल्य एका ओळीत लिहा. दोन ओळी लागल्या तर अजून स्पष्ट नाही.
२. गेल्या वर्षीची तुमची कामं लिहा आणि वरच्या चार प्रकारांत वाटा. कोणता रकाना रिकामा आहे?
३. एकदा केलेलं पण पुन्हा वापरता येईल असं एक काम शोधा. त्याचे हक्क तुमच्याकडे आहेत का?
४. तासाचा रेट काढा. शेवटच्या कामाला तो मिळाला होता का?
५. आणि माझ्यासारखं काउंटरच्या आत असाल तर: तुमच्या धंद्यात कुणाचे ‘बैल’ विनामोबदला चालताहेत का?

पाचवा प्रश्न मी आधी स्वतः सोडवला. त्या पोराला बोलावलं, वही समोर ठेवली, ३४ ऑर्डर मोजून दाखवल्या. मागच्या वापराचे २,००० दिले. सगळे ५,१०० दिले नाहीत, त्यात माझा कागद, शाई, मशीन, दुकानभाडं पण होतं, तेही त्याला उघड सांगितलं. पुढच्या प्रत्येक ऑर्डरला ५० रुपये त्याचे, आणि पत्रिकेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात त्याचं नाव. पाच ओळींच्या कागदावर आम्ही दोघांनी सही केली.

तो तरी चाकणला गेलाच. घरी पैशाची निकड आहे, आणि ५० रुपयांच्या हिशोबावर घर चालत नाही, हे मला कळतं. पण गेल्या रविवारी त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. रूमवर बसून किल्ल्याचा दरवाजा काढलाय, पेन्सिलीने. खाली लिहिलं होतं, “दादा, याचा कागद आधी करू, मग छापा.”

धडा त्याला समजला. आता तुमची पाळी. गृहपाठ करून कॉमेंटमध्ये टाका, मी प्रत्येकाचा वाचतो.